सहा कोंबड्या, अंडी किती?

सहा कोंबड्या पाळल्या की रोज सकाळी सहा अंडी, असं सरळ गणित मांडून बरेच जण या उद्योगाला लागतात. अशा मंडळींनी एकदा बोम्मसंद्र्याला जाऊन यावं.

बोम्मसंद्रा म्हणजे बंगळूरच्या दक्षिण अंगाला, होसूर रस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सिटीच्याही पलीकडे. आनेकल तालुक्यातला हा सगळा पट्टा मूळचा नाचणीचा. मग औद्योगिक वसाहत आली, कारखाने आले, मोठाली रुग्णालयं आली आणि ऑगस्ट २०२५मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिकाही इथपर्यंत येऊन थांबली. कारखान्यांमागोमाग माणसं आली. त्यात कोल्हापूर, निपाणी, बेळगावकडची मराठी कुटुंबंही आहेत. त्यांच्यातल्याच एका घराच्या मागच्या अंगणात मी कोंबड्यांचा हा संसार पाहिला. यजमान कारखान्यात पाळीनं कामाला जातात. घर भाड्याचं, तीस बाय चाळीसच्या साईटवरचं. मागे दहा बाय पंधरा फुटांचा तुकडा, त्यात एक शेवगा, एक पेरू आणि खुराडं. खुराड्याच्या मालकीणबाई गडहिंग्लजकडच्या. गल्लीतली कानडी पोरंसुद्धा त्यांना ‘काकू’ म्हणतात, तेव्हा आपणही काकूच म्हणू.

‘‘सहाच्या सहा अंडी एका दिवशी मिळालेली मी अजून तरी बघितली नाहीत बघा,’’ काकूंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं.

त्याला कारण आहे. कोंबडीच्या पोटात एक अंडं तयार व्हायला साधारण चोवीस ते सव्वीस तास लागतात. म्हणजे आज सकाळी सातला अंडं दिलं तर उद्या आठला, परवा साडेनऊला. असं सरकत सरकत दुपार गाठली की कोंबडी एक दिवस सुट्टी घेते आणि पुन्हा सकाळपासून सुरुवात करते. ही झाली चांगल्या, तरण्या कोंबडीची गोष्ट. त्यात उजेडाचा प्रश्न वेगळा. अंड्यांवरच्या कोंबडीला दिवसाकाठी चौदा ते सोळा तास उजेड लागतो. थंड देशांत हिवाळ्यात दिवस आठ तासांवर येतो आणि अंडी जवळजवळ बंद पडतात. बंगळूर त्या मानानं भाग्यवान. इथला सगळ्यात लहान दिवस सव्वाअकरा तासांच्या वर असतो आणि सगळ्यात मोठा तेरा तासांच्या आत. म्हणजे फार खाली नाही, पण हवा तेवढाही नाही. पोल्ट्रीवाले पहाटे-संध्याकाळी दिवे लावून ही कसर भरून काढतात. काकू लावत नाहीत. ‘‘आम्ही रविवारी झोपतोच की, त्यांनी का झोपू नये?’’ हे त्यांचं म्हणणं. याशिवाय वर्षातून एकदा पिसं झडतात. तेव्हा दीड-दोन महिने कोंबडी सगळी ताकद नव्या पिसांवर खर्च करते आणि अंडं विसरते. अंगणात पिसं पडलेली पाहून नवखा माणूस घाबरतो, पण तो रोग नव्हे.

आता कोंबडी कुठली, हा सर्वांत मोठा प्रश्न. पिंजऱ्यातली पांढरी पोल्ट्रीची कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. परसातली गावरान साठ-सत्तर, फार तर ऐंशी. बारा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक बसते आणि मग तिला पिल्लांशिवाय काही सुचत नाही. या दोघींच्या मधला रस्ता शोधण्याचं काम आपल्या शास्त्रज्ञांनी केलं आणि त्यातलं बरंचसं याच बंगळूर शहरात झालं. कृषी विद्यापीठाच्या हेब्बाळच्या कुक्कुट विभागानं ‘गिरिराजा’ ही रंगीत पिसांची, परसात हिंडून पोट भरणारी जात तयार केली. तिच्याकडून वर्षाला १३० ते १५० अंडी मिळू शकतात. पुढे २००५मध्ये कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठानं ‘स्वर्णधारा’ आणली. ती अंडी थोडी जास्त देते आणि अंगानं हलकी असल्यामुळे मांजर दिसताच उडून बसते. हा गुण कागदावर किरकोळ वाटतो, परसात मात्र लाखमोलाचा! हैदराबादच्या केंद्रीय संस्थेच्या ‘वनराजा’ आणि ‘ग्रामप्रिया’ महाराष्ट्रातही बऱ्याच जणांना ठाऊक आहेत. त्यातली ग्रामप्रिया अंड्यांसाठी. बंगळूरच्या दुसऱ्या टोकाला हेसरघट्ट्याला केंद्र सरकारची कुक्कुट विकास आणि प्रशिक्षण संस्था आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी पुण्याचं खडकी, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांत चौकशी करावी.

एक दिवसाचं पिल्लू स्वस्त मिळतं, पण पहिले तीन-चार आठवडे त्याला दिव्याची ऊब द्यावी लागते आणि एवढं करून त्यातले नर किती, माद्या किती, हे नशिबावर. त्यापेक्षा आठ-दहा आठवड्यांच्या, लस टोचलेल्या तलंगा घ्याव्यात. किंमत जास्त पडते, पण झोप शाबूत राहते. आणि रस्त्यावर टोपलीत विकायला येणारी ती हिरवी, गुलाबी रंगवलेली पिल्लं? मुलं हट्ट धरतात म्हणून आपण घेतो. ती बहुतेक सगळी अंड्यांच्या जातीची नर पिल्लं असतात. उबवणी केंद्राला त्यांचा उपयोग नसतो, म्हणून ती अशी खपवली जातात. त्यांच्याकडून अंड्याची वाट पाहू नये.

काकूंकडे चार ग्रामप्रिया आणि दोन गावरान आहेत. गावरान म्हणजे इथल्या भाषेत ‘नाटी कोळी’. आता आपण पाटी-पेन्सिल घेऊ. चार सुधारित कोंबड्यांनी चांगल्या निगेत वर्षाला दोनशेप्रमाणे आठशे अंडी दिली, दोन गावरानांनी सत्तरप्रमाणे एकशेचाळीस. एकूण ९४०. भागिले ३६५. दिवसाला अडीच अंड्यांच्या थोडं वर! सहा कोंबड्यांचं उत्तर हे. चौघांच्या घराला ते पुरतंही, पण शेजारी वाटायला रोज उरत नाही.

आणि खर्च? रुपयांत सांगत नाही, कारण अंड्याचा भाव रोज हलतो. १९८२मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती गावोगावचे दर रोज जाहीर करते आणि मक्याचा भाव वाढला की खाद्याचाही वाढतो. तेव्हा हिशेब ग्रॅममध्येच करावा. सुधारित कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते, गावरान ऐंशी धरू. सहा जणींचं मिळून सहाशे ग्रॅम, महिन्याला अठरा किलो. वर्षाचं खाद्य २१९ किलो आणि अंडी ९४०. म्हणजे एका अंड्यामागे जवळजवळ २३३ ग्रॅम खाद्य. पोल्ट्रीतल्या कोंबडीचा हाच आकडा १३०च्या घरात असतो. सगळं खाद्य विकत आणलं तर घरचं अंडं दुकानातल्यापेक्षा महागच पडणार. ‘घरच्या घरी फुकट अंडी’ असं कुणी सांगत असेल तर त्याला ही बेरीज दाखवावी.

काकू ही दरी स्वयंपाकघरातून आणि अंगणातून भरून काढतात. भाजीचे देठ, कोथिंबिरीच्या काड्या, शेवग्याचा पाला, उरलेला भात, निवडलेल्या नाचणीतलं बारीक, शिवाय अंगणातले किडे आणि गांडुळं. दुपारी चार ते सहा कोंबड्या मोकळ्या सोडल्या की विकतचं खाद्य एक तृतीयांशानं कमी लागतं, असं त्यांचं निरीक्षण. पाल्यामुळे बलकाला गडद केशरी रंग येतो आणि गल्लीत त्याचंच कौतुक होतं. वास्तविक बलकाचा रंग हा खाण्यातला आणि कवचाचा रंग हा जातीचा. तांबड्या अंड्यात पांढऱ्यापेक्षा पौष्टिक असं काही जास्त नसतं. पण हे बाजाराला कोण सांगणार? नाटी कोळीची म्हणून ही अंडी इथे जास्त भावानं जातात आणि कधी डझनभर साठली तर काकूही त्याच भावानं देतात.

मात्र नुसत्या नाचणी-भातावर अंडी मिळत नाहीत. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात सोळा-अठरा टक्के प्रथिनं लागतात आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम. एका अंड्याचं कवच पाच-सहा ग्रॅमचं आणि ते जवळजवळ सगळं चुन्याचं! खाण्यातून चुना मिळाला नाही तर कोंबडी तो स्वतःच्या हाडांतून काढून देते. आधी कवच पातळ होतं, मग कोंबडी पायांतून खचते. म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा, ज्या कोंबडीला हवा ती खाते. घरची टरफलंही चालतात, पण भाजून, पार भरड करून. अंड्याच्या आकाराचा तुकडा चोचीला लागला की तिला अंडं फोडून खाण्याची चटक लागते आणि ती सुटता सुटत नाही. लहान पिल्लांना मात्र हे अंड्याचं खाद्य घालू नये. एवढा चुना त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही.

काय घालू नये त्याची यादी काकूंनी बोटांवर मोजली. खारट फरसाण, बुरशी आलेले शेंगदाणे किंवा मका, आणि ‘बटर फ्रूट’. हे शेवटचं खास बंगळूरचं. इकडे अव्होकाडोला बटर फ्रूट म्हणतात आणि त्याचा रस गल्लोगल्ली मिळतो. त्याची साल आणि बी पक्ष्यांना विषारी असते. बुरशीचं विष तर डोळ्यांना दिसतही नाही, हळूहळू यकृत खातं.

आता खुराडं. दर कोंबडीला निदान दोन चौरस फूट जागा, बसायला जाड गोल दांडी, चार-पाच जणींत अंड्यांसाठी एक अंधारी पेटी आणि खाली भाताच्या तुसाचा तीन इंच थर. तूस कोरडं राहिलं तर वास येत नाही. वास हा विष्ठेचा कमी, ओलीचा जास्त. पाण्याचं भांडं कलंडू नये इतकी काळजी घेतली तरी निम्मं काम होतं. कोंबड्यांना मातीत लोळायची जागा हवी. राख नि माती मिसळून एक घमेलं ठेवलं की उवा-पिसवा आटोक्यात राहतात.

कोंबडीजाळी म्हणून जी षटकोनी तारांची जाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती फाडतं, मुंगूस तिच्या फटीतून शिरतं. अर्धा इंची वेल्डेड जाळी घ्यावी आणि ती फूटभर जमिनीत गाडावी, कारण घूस खालून येते. बोम्मसंद्र्यासारख्या ठिकाणी अर्धवट बांधलेल्या इमारती आणि मोकळे भूखंड भरपूर. घुशींना आणि मुंगसांना आणखी काय पाहिजे?

एक गोष्ट मात्र बंगळूरकरांच्या पथ्यावर पडते, ती म्हणजे हवा. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा टाकते. धापांमुळे रक्तातलं रसायन बिघडतं आणि कवच पातळ होतं. नऊशे मीटर उंचीवरच्या या शहरात तशी पाळी थोडे दिवस येते. नागपूर-अकोल्याकडच्यांना मात्र उन्हाळ्यात छपरावर ओलं गोणपाट आणि दिवसातून तीनदा गार पाणी, याला पर्याय नाही.

हे सगळं सांगताना काकू हसत-बोलत होत्या. आजाराचा विषय निघाला तशा गप्प झाल्या. त्यांच्या पहिल्या सहा कोंबड्या आठवडी बाजारातून आणलेल्या. लस टोचली आहे का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. तीन आठवडे छान गेले. मग एक कोंबडी मलूल झाली, हिरवट पातळ हगू लागली, दुसऱ्या दिवशी तिची मान पिळल्यासारखी वळली. चार दिवसांत पाच गेल्या. मुलगी तेव्हा तिसरीत होती. ‘‘तिनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. म्हटलं, संपलं हे आता, जाळी विकून टाकू.’’

त्या आजाराला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, शास्त्रीय पुस्तकांत राणीखेत. १९२६मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला तो प्रथम नोंदला गेला. लगोलग कुमाऊँतल्या राणीखेतला सापडला म्हणून आपल्याकडे त्या बिचाऱ्या थंड हवेच्या गावाचं नाव त्याला चिकटलं. त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाखाली टोचायची लस. वरवर सोपं आहे. अडचण अशी, की लसीची बाटली येते शंभर-दोनशे पक्ष्यांची, ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी कोण बाटली फोडणार? परसातल्या कोंबड्या मरतात त्या लस महाग आहे म्हणून नव्हे, तर या बाटलीच्या आकारामुळे. माझ्या मते घरी कोंबड्या पाळण्यातला हाच खरा अडथळा आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

काकूंनी त्यावर उपाय काढला. आसपासच्या कोंबड्यावाल्या घरांची नावं वहीत लिहून घेतली. कानडी, तमीळ, तेलुगू, सगळ्या तऱ्हेची मंडळी. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून एक दिवस ठरवला आणि सगळ्यांच्या कोंबड्या टोपल्यांतून एकाच सकाळी नेल्या. आता हे ठरून गेलंय. नवी कोंबडी आली की ती आधी तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली राहते, मगच इतरांत मिसळते.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. एकाएकी दोन-चार पक्षी मेले तर ते मानमोडीनं की बर्ड फ्लूनं, हे नुसतं बघून ओळखता येत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला फेब्रुवारी २००६मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. २०१२मध्ये तो खुद्द हेसरघट्ट्याच्या सरकारी केंद्रात शिरला होता. सरकारी केंद्रात येतो, तो आपल्या परसात येणार नाही असं कुणी समजू नये. मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलू नये, कापू नये, शिजवू तर मुळीच नये. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं. रोग पक्का ठरला तर एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारले जातात, त्यात आपलेही. नुकसानभरपाईची तरतूद आहे. या भीतीनं लोक कळवत नाहीत आणि मग तो शेजारच्या गल्लीत पोचतो. एरवीही कोंबड्यांना हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे, मुलांना तर हे घोटून सांगायचं. अंडं मात्र धुऊन साठवू नये. त्याच्यावर निसर्गानं दिलेला पातळ लेप असतो, तो धुतला गेला की जंतूंना वाट मिळते. कोरड्या फडक्यानं पुसावं, धुवायचं तर वापरायच्या वेळी.

शेजाऱ्यांचं काय? अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हे कितीतरी शिकलेल्या लोकांनाही ठाऊक नसतं. कोंबडा नाही म्हणजे पहाटे चारची बांग नाही, निम्मं भांडण तिथेच मिटतं. अंडं दिल्यावर कोंबडी जो गलका करते तो दिवसा आणि दहा मिनिटांचा. घरमालकाला मात्र आधी विचारावं, सोसायटीत राहत असाल तर नियम पाहावेत आणि नगरपालिकेत चौकशी करावी. काकूंच्या घरमालकांची अट एकच होती, कोंबडा नको.

सगळ्यात अवघड प्रश्न मी शेवटी विचारला. अंडी थांबल्यावर काय?

पोल्ट्रीत उत्तर तयार असतं. दीड वर्षाच्या आसपास अंडी घटली की कोंबडी बाजारात जाते. त्याआधीचं आयुष्य वहीच्या एका पानाएवढ्या जागेत काढलेलं असतं. विधी आयोगानं २०१७च्या आपल्या २६९व्या अहवालात याच पिंजऱ्यांचा विचार केला. पण घरातली कोंबडी सहा-आठ वर्षं जगू शकते आणि अंडी दर वर्षी कमी होत जातात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती खाते तेवढंच, देते नाममात्र. ज्यांना कापायचं ते कापतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. काकूंचं घर मांसाहारी आहे, रविवारी मटण-कोंबडी शिजते. पण पहिल्या सहांतली जी एकटी वाचली, ती ठिपक्यांची गावरान कोंबडी मुलीनं नाव ठेवून वाढवली आहे. तिला कापायचा विषय काढला की घरात अबोला होतो. यजमान म्हणतात, खाद्याचे पैसे जातात. मुलगी म्हणते, माझ्या खाऊतले घ्या. ‘‘दोघांचंही खरंच आहे,’’ काकू म्हणाल्या. ‘‘पाळायच्या आधीच हे घरात बोलायला पाहिजे होतं.’’ त्यांनी ग्रामप्रियांबद्दल आता तसं बोलून ठेवलं आहे. तिसऱ्या वर्षी त्या विकायच्या, नावं ठेवायची नाहीत.

ठिपकीचा प्रश्न तिनं स्वतःच तात्पुरता सोडवला. अंडी घटली तरी खुडूक बसायची तिची हौस गेलेली नाही आणि सुधारित जातीच्या कोंबड्यांत ती हौस फारशी उरलेली नसते. काकूंच्या अंड्यांतून पिल्लं निघणं शक्य नाही, कोंबडाच नाही तर कशी निघणार! म्हणून त्यांनी आनेकलकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून कोंबड्यासोबतच्या कळपातली दहा अंडी आणली आणि तिच्याखाली ठेवली. सातव्या रात्री मोबाईलच्या दिव्यावर धरून पाहिली, तर तीन कोरी निघाली. सातांत लाल रेषांचं जाळं दिसलं. मी गेले तो चौदावा दिवस होता. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटायला हवीत. त्यातली निम्मी कोंबडे निघणार, हे घरमालकांच्याही लक्षात आलेलं आहे. काकूंनी शेतकऱ्याशी बोलून ठेवलंय. तीन महिन्यांत बांग द्यायच्या आत कोंबडे त्याच्याकडे परत जातील आणि त्याबदल्यात तो अर्धं पोतं नाचणी देईल.